उघडी पोर्ट बंद करताना: जोडलेल्या नेटवर्क्समधील सर्व्हरपर्यंतची सुरक्षित वाट

क्लाउडवरच्या व्हर्च्युअल मशीनला (भाड्याने घेतलेल्या आभासी संगणकाला) सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून दिसणारा पत्ता, द्यायचा, विंडोज असेल तर ३३८९ आणि लिनक्स असेल तर २२ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे बाहेरून जोडण्याचे दार, उघडायचे, पासवर्ड सगळ्यांना कळवायचा आणि कामाला लागायचे, ही पद्धत इंदूरमधल्या लहान-मध्यम कार्यालयांत मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की तिच्याविषयी एकदा सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. विजयनगरमध्ये एखाद्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर सॉफ्टवेअर कंपनी असते, तिचे ग्राहक अमेरिकेत किंवा दुबईत असतात आणि तिची निम्मी मंडळी सुदामानगर, रामबाग, लोकमान्यनगर अशा वस्त्यांमधून घरूनच काम करतात. दुसरीकडे सनदी लेखापालांची कार्यालये असतात; त्यांचे हिशेबाचे सॉफ्टवेअर क्लाउडवरच्या विंडोज सर्व्हरवर असते आणि विवरणपत्रांचे दिवस आले की सगळे कर्मचारी रात्री उशिरापर्यंत घरून त्या सर्व्हरवर काम करत असतात. दोन्हीकडची गरज खरी आहे. मात्र ती भागवण्यासाठी सर्व्हर साऱ्या जगासमोर उघडा ठेवावा लागतो, हा समज खरा नाही.

उघडे पोर्ट म्हणजे नेमके काय, हे पाहायचे असेल तर अशा मशीनचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंदवही, एकदा निवांत वाचावा. लिनक्सवर प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाची एक ओळ असते: वेळ, पासवर्ड चुकल्याची नोंद, ज्या नावाने शिरण्याचा प्रयत्न झाला ते नाव, आणि शेवटी कुठून आला तो पत्ता व पोर्ट. त्या नावांची रांग पाहिली की प्रकार ध्यानात येतो. रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, ओरॅकल, पोस्टग्रेस, उबंटू, गिट, पुन्हा रूट. आपल्या कार्यालयात या नावाचे कोणीही नसते. कुठलातरी प्रोग्रॅम यादी घेऊन बसलेला असतो आणि आपला पत्ता त्याच्या यादीत आलेला असतो, इतकेच. विंडोजवर हीच गोष्ट सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाच्या नोंदींच्या रूपाने दिसते. 'आमच्यासारख्या लहान कंपनीकडे कोण लक्ष देणार' हा युक्तिवाद मला वारंवार ऐकायला मिळतो, आणि तो येथेच लटका पडतो, कारण शोधणारा कंपनी शोधत नसतो, तो उघडे पोर्ट शोधत असतो. आयपीव्ही४ या इंटरनेटच्या पत्तापद्धतीतले एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी आहेत. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली झेडमॅप हे साधन तयार केले तेव्हा एका सर्व्हरवरून, एका गिगाबिट जोडणीवर, या सगळ्या पत्त्यांची एका पोर्टसाठीची पाहणी ४५ मिनिटांच्या आत होऊ शकते हे त्यांनी दाखवून दिले होते.

पासवर्ड अवघड ठेवला की झाले, असेही काही जण म्हणतात. तो अवघड असलाच पाहिजे, पण तेवढ्याने भागत नाही. मे २०१९मध्ये उघडकीला आलेला ब्लूकीप हा दोष विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप सेवेत (दूरच्या संगणकाचा पडदा आपल्याकडे उघडून देणाऱ्या सेवेत) होता आणि त्याचा गैरफायदा घेण्यासाठी पासवर्डची गरजच नव्हती. तो इतका गंभीर मानला गेला की मायक्रोसॉफ्टने ज्यांचा आधार केव्हाच संपला होता त्या विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ यांच्यासाठीही दुरुस्ती प्रसिद्ध केली. जुलै २०२४मध्ये लिनक्स सर्व्हरवर दूरून जोडून देणाऱ्या ओपनएसएसएच या प्रोग्रॅममध्ये रिग्रेशन या नावाने गाजलेला दोष सापडला, तोही लॉगिन होण्यापूर्वीच्या टप्प्यातला. असे दोष पुढेही सापडणार आहेत. दुरुस्ती जाहीर होण्याच्या आणि ती आपल्या सर्व्हरवर बसण्याच्या मधल्या काळात आपले पोर्ट बाहेरून दिसत होते की नाही, यावर बरेच काही ठरते.

मग 'फक्त आमच्या आयपीलाच परवानगी देऊ' हा उपाय पुढे येतो. कार्यालयाला स्थिर आयपी असेल तर तो काही अंशी चालतो. घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत मात्र तो टिकत नाही, कारण घरगुती ब्रॉडबँडचा पत्ता बदलत राहतो आणि अनेक ठिकाणी सेवा पुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता कितीतरी ग्राहकांमध्ये वाटून देतात. तुमच्या राउटरवर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४पासून १००.१२७पर्यंतच्या पट्ट्यातला दिसत असेल तर तुम्ही अशाच व्यवस्थेत आहात. म्हणजे ज्या आयपीला आपण 'आपला' म्हणून परवानगी देतो त्याच्यामागे परकी माणसेही असतात. शिवाय पत्ता बदलला की नियम बदलायचा, मोबाइलवरून काम करायची वेळ आली की आणखी एक नियम जोडायचा, असे करता करता फायरवॉलमध्ये 'तात्पुरता' नावाचे नियम साचतात. ते कोणी काढत नाही, आणि एक दिवस कंटाळून कोणीतरी सगळ्यांनाच परवानगी देऊन मोकळे होते.

खरा उपाय सर्व्हरचा सार्वजनिक आयपी काढून टाकण्यापासून सुरू होतो. मी प्रामुख्याने मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, म्हणजे अ‍ॅझ्यूअरवर काम करतो, त्यामुळे पुढचे विवेचन अ‍ॅझ्यूअर बॅस्टियनच्या अंगाने करतो. ही सेवा २०१९च्या अखेरीस सर्वांसाठी खुली झाली. आपण ब्राउझरमधून पोर्टलवर जातो, तिथे आपली ओळख पटते, आणि ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून कूटबद्ध जोडणीने बॅस्टियनपर्यंत पोहोचतो. तिथून पुढे बॅस्टियन नेटवर्कच्या आतून, सर्व्हरच्या खासगी पत्त्यावर रिमोट डेस्कटॉप किंवा एसएसएच जोडून देते. सर्व्हरला बाहेरून कोणी पाहू शकत नाही, कारण बाहेर त्याचा पत्ताच नसतो. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर हेच काम सेशन मॅनेजर किंवा इन्स्टन्स कनेक्ट एंडपॉइंटने होते आणि गूगलच्या क्लाउडवर आयडेंटिटी-अवेअर प्रॉक्सीने. रचना वेगवेगळ्या आहेत, हेतू एकच आहे. स्वतःचा जंप सर्व्हर, म्हणजे बाकीच्या सर्व्हरकडे जाण्याआधीचा मधला सर्व्हर, उभारण्याचा जुना मार्गही आहेच, पण त्या सर्व्हरच्या दुरुस्त्या, त्यावरची खाती आणि त्याचे लॉग आपल्यालाच सांभाळावे लागतात. ज्या कार्यालयात त्यासाठी वेगळा माणूस नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

येथवरची गोष्ट एका नेटवर्कची झाली. प्रत्यक्षात नेटवर्क एक नसते. उत्पादनाचे वेगळे, चाचणीचे वेगळे, एखाद्या मोठ्या ग्राहकाचे पूर्णपणे स्वतंत्र, त्यातले एक पुण्याजवळच्या सेंट्रल इंडिया विभागात तर दुसरे अमेरिकेतल्या व्हर्जिनियात. प्रत्येकात वेगळे बॅस्टियन उभारणे खर्चिक असते, आणि जितकी दारे तितकी राखण. म्हणून मध्यभागी एक हब नेटवर्क ठेवून त्यात बॅस्टियन बसवायचे आणि बाकीची नेटवर्क्स पिअरिंगने, म्हणजे दोन नेटवर्क्सच्या थेट जोडणीने, हबशी जोडायची, ही मांडणी रूढ झाली आहे. पिअरिंग एकाच विभागात होते तसे दोन विभागांमध्येही होते आणि दोन वेगवेगळ्या सबस्क्रिप्शनमध्येही (बिलाच्या खात्यांमध्येही) होते. रहदारी मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत जाळ्यातून जाते, इंटरनेटवर येत नाही. पिअरिंग दोन्ही बाजूंनी करावे लागते. एकाच बाजूने केले तर स्थिती 'इनिशिएटेड'वर अडून राहते, दुसऱ्या बाजूने जोडल्यावरच ती 'कनेक्टेड' होते.

आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलामुलींचा एक प्रश्न हमखास असतो: "सर, पिअरिंग तर कनेक्टेड दाखवतंय, मग तिसऱ्या नेटवर्कमधला सर्व्हर का लागत नाही?" त्याचे उत्तर मी नात्याच्या भाषेत देतो. मुलीच्या सासरचे आपले व्याही असतात आणि मुलाच्या सासरचेही आपले व्याही असतात, पण म्हणून ते दोघे एकमेकांचे व्याही होत नाहीत. पिअरिंगचे नाते तसेच दोघांपुरते असते. हब आणि चाचणीचे नेटवर्क जोडलेले असेल, चाचणीचे आणि ग्राहकाचे जोडलेले असेल, तरी हबमधले बॅस्टियन ग्राहकाच्या सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही. त्या नेटवर्कला हबशी थेटच जोडावे लागते. अ‍ॅमेझॉनच्या व्हीपीसी (खासगी नेटवर्क) पिअरिंगचा नियमही हाच आहे.

या सगळ्या मांडणीत सर्वाधिक अडचण पत्त्यांची होते, आणि तिच्याकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते. ज्या दोन नेटवर्क्सचे पत्त्यांचे पट्टे एकमेकांवर चढतात त्यांचे पिअरिंग होऊच शकत नाही. अ‍ॅझ्यूअरच्या पोर्टलवर नवे नेटवर्क तयार करताना सुचवलेला पट्टा बहुधा १०.०.०.०/१६, म्हणजे १०.०ने सुरू होणारे सगळे पत्ते, असा असतो, आणि माणूस घाईत असला की 'नेक्स्ट' दाबून पुढे जातो. अ‍ॅमेझॉनवरच्या आयत्या व्हीपीसीचा पट्टा तर प्रत्येक विभागात १७२.३१.०.०/१६ हाच असतो. आमच्या एका ग्राहकाकडे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या लोकांनी उभारलेली तीन नेटवर्क्स होती आणि तिन्हींचा पट्टा १०.०.०.०/१६ होता. इतकेच नव्हे, तर तिन्हींमधील डेटाबेसचा सर्व्हर १०.०.१.४ या एकाच पत्त्यावर होता. हा योगायोग नव्हता. अ‍ॅझ्यूअर प्रत्येक सबनेटमधले (नेटवर्कच्या लहान भागातले) पहिले चार (० ते ३) आणि शेवटचा एक असे पाच पत्ते स्वतःकडे राखून ठेवते, त्यामुळे सबनेटमध्ये पहिल्यांदा जन्मलेल्या मशीनला शेवटी ४ असलेला पत्ता मिळतो, आणि पहिल्यांदा उभा राहतो तो बहुधा डेटाबेसच.

अशा वेळी सगळे पाडून नव्याने बांधण्याची गरज नसते. नेटवर्कला १०.२०.०.०/१६ असा आणखी एक पट्टा जोडता येतो, त्यात नवे सबनेट करता येते, मशीनचे नेटवर्क कार्ड त्याच नेटवर्कमधल्या नव्या सबनेटमध्ये हलवता येते आणि जुने सबनेट रिकामे झाले की जुना पट्टा काढून टाकता येतो. मशीन एकदा बंद होऊन सुरू होते, एवढाच खंड. तांत्रिकदृष्ट्या हे काम रविवारच्या एका रात्रीचे आहे. वेळ जातो तो दुसरीकडे: अ‍ॅप्लिकेशनच्या सेटिंग फाइलमध्ये, रात्री चालणाऱ्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये, एखाद्या अहवालाच्या एक्सेल जोडणीत कोणीतरी नावाऐवजी थेट १०.०.१.४ लिहून ठेवलेले असते, आणि ती प्रत्येक जागा शोधून काढावी लागते. म्हणून नेटवर्क उभारण्याआधी एका कागदावर पट्टे वाटून घ्यावेत, असा माझा आग्रह असतो. हबला १०.१०.०.०/२२, पहिल्या ग्राहकाला १०.२०.०.०/१६, दुसऱ्याला १०.३०.०.०/१६. घरोघरच्या राउटरवर असतो तो १९२.१६८.१.०चा पट्टा क्लाउडमध्ये वापरूच नये, कारण पुढे कधी व्हीपीएन घ्यायची वेळ आली तर पुन्हा हाच गुंता समोर येतो.

हबमध्ये बॅस्टियनसाठी स्वतंत्र सबनेट लागते. त्याचे नाव 'अ‍ॅझ्यूअरबॅस्टियनसबनेट' हेच, सलग आणि इंग्रजी स्पेलिंगबरहुकूम असावे लागते आणि त्याचा आकार किमान /२६, म्हणजे ६४ पत्त्यांचा असावा लागतो. पूर्वी /२७ चालत असे, त्यामुळे जुन्या लेखांमध्ये तो आकडा आढळेल. या सबनेटवर स्वतःचा राउट टेबल (रहदारीच्या वाटा ठरवणारा तक्ता) लावता येत नाही, आणि सुरक्षा गट (कोणती रहदारी येऊ-जाऊ द्यायची याच्या नियमांचा संच) लावायचा असेल तर बॅस्टियनला लागणारे सगळे नियम त्यात असावे लागतात, एखादा जरी राहिला तरी सेवा अडते.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. बॅस्टियन उभे राहिले, पिअरिंग झाले, सगळे सर्व्हर एका ठिकाणाहून लागू लागले, की लोक काम संपले असे समजतात. वास्तविक पिअरिंग केल्याबरोबर आपण आणखी एक वाट उघडलेली असते. अ‍ॅझ्यूअरच्या प्रत्येक सुरक्षा गटात काही नियम जन्मजात असतात. त्यातला ६५००० क्रमांकाचा नियम 'व्हर्च्युअल नेटवर्क'मधून येणाऱ्या सर्व रहदारीला, कोणत्याही पोर्टवर, परवानगी देतो. आणि येथे 'व्हर्च्युअल नेटवर्क' याचा अर्थ केवळ आपले स्वतःचे नेटवर्क असा नाही. पिअरिंगने जोडलेल्या नेटवर्क्सचे पट्टेही त्यात आपोआप धरले जातात. म्हणजे कालपर्यंत ज्या चाचणी सर्व्हरचा हबशी काही संबंध नव्हता, तो आज हबमधल्या प्रत्येक मशीनच्या प्रत्येक पोर्टपर्यंत पोहोचू शकतो, आणि हबमधले प्रत्येक मशीन त्याच्यापर्यंत. हबमध्ये फक्त बॅस्टियनच असते तर बिघडले नसते. पण हब म्हटले की तिथे हळूहळू सगळ्यांची खाती सांभाळणारा डोमेन कंट्रोलर येतो, नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस येतो, देखरेखीचा सर्व्हर येतो, म्हणजे ज्याला धक्का लागला तर सगळेच हादरेल अशी यंत्रे नेमकी तिथे जमतात. पुढे हबमध्ये फायरवॉल बसवून रहदारी एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पाठवायला सुरुवात केली, की ग्राहकांची नेटवर्क्सही एकमेकांना दिसू लागतात.

उपाय अवघड नाही, फक्त तो पिअरिंगच्याच दिवशी करायला हवा. प्रत्येक नेटवर्कच्या सुरक्षा गटात आपण १००पासून ४०९६पर्यंतच्या क्रमांकांचे नियम लिहू शकतो आणि लहान क्रमांकाचा नियम आधी तपासला जातो. तेव्हा एक नियम असा लिहावा की २२ आणि ३३८९ या पोर्टवर केवळ बॅस्टियनच्या सबनेटचा पट्टा यावा. अ‍ॅप्लिकेशनला खरोखर लागणाऱ्या जोडण्यांचे नियम त्याखाली लिहावेत. आणि ४०९६ क्रमांकावर 'व्हर्च्युअल नेटवर्क'मधून येणारे बाकी सगळे नाकारावे. हा शेवटचा नियम लावला की पहिल्या तासात काहीतरी बंद पडते. ते पडू द्यावे, असे मी म्हणेन. जे बंद पडले ती जोडणी आजवर कोणाच्याही नोंदीत नव्हती, आणि आता ती नियम म्हणून लिहिली जाईल.

परवानग्यांबाबत एक तक्रार नेहमी येते. सगळे जोडलेले असूनही एखाद्या कर्मचाऱ्याला सर्व्हरच्या पानावर हबमधले बॅस्टियन दिसतच नाही, उलट नवे बॅस्टियन तयार करा असे सुचवले जाते. कारण बहुतेक वेळा नेटवर्कमध्ये नसून अधिकारांमध्ये असते. त्या व्यक्तीला सर्व्हर, त्याचे नेटवर्क कार्ड, बॅस्टियन आणि पिअरिंगने जोडलेल्या बाबतीत सर्व्हर ज्या नेटवर्कमध्ये आहे ते नेटवर्क, या चारही गोष्टी पाहण्याचा, म्हणजे 'रीडर'चा अधिकार लागतो. चौथी गोष्ट हमखास विसरली जाते. हा अधिकार व्यक्तींना न देता गटाला द्यावा, आणि पोर्टलच्या लॉगिनला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी सक्तीची करावी. कोणी नोकरी सोडून गेले की एक खाते बंद केले म्हणजे सगळ्या नेटवर्क्सची ही वाट त्याला बंद होते.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. बॅस्टियनचा डेव्हलपर हा प्रकार मोफत आहे, पण त्यात पिअरिंग चालत नाही, त्यामुळे आपल्या मांडणीत तो निरुपयोगी आहे. बेसिकमध्ये पिअरिंग चालते. स्वतःच्या टर्मिनलमधून किंवा विंडोजच्या नेहमीच्या रिमोट डेस्कटॉपमधून जायचे असेल, फाइली न्यायच्या-आणायच्या असतील, तर स्टँडर्ड घ्यावे लागते. सत्राचे चित्रीकरण हवे असेल तर प्रीमियम. वरच्या प्रकारात जाता येते, खाली उतरता येत नाही. तासाचे भाडे वापरले तरी आणि न वापरले तरी लागते, तात्पुरते थांबवण्याची सोय नाही. पिअरिंगमधून जाणाऱ्या डेटाचे शुल्कही दोन्ही बाजूंना पडते. तरीही एक बॅस्टियन पाच-सहा नेटवर्क्समध्ये वाटले गेले तर हा खर्च मला वाजवी वाटतो.

लॉगबाबत आपल्याकडे कायदेशीर बाजूही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार प्रणालींचे लॉग १८० दिवस जपून ठेवणे आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. अ‍ॅझ्यूअरचा अ‍ॅक्टिव्हिटी लॉग आपोआप ९० दिवसच राहतो. बॅस्टियनमधून कोण, केव्हा, कोणत्या सर्व्हरवर गेले याचा लॉग तर आपण मुद्दाम सुरू करून साठवला नाही तर मिळतच नाही. दोन्ही लॉग स्टोरेजमध्ये पाठवून १८० दिवसांची मुदत पहिल्याच दिवशी लावून टाकावी. घटना घडल्यावर सहा तासांत अहवाल द्यायचा असेल तर हाताशी हीच नोंद असते.

सार्वजनिक आयपी काढण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. सर्व्हर बाहेर जाऊन अपडेट आणत असेल, पेमेंट गेटवेशी किंवा ग्राहकाच्या एपीआयशी बोलत असेल, तर त्याच्यासाठी नॅट गेटवे (फक्त बाहेर जाण्याची वाट) आधी लावावा, आणि समोरच्याने आपला जुना आयपी आपल्या यादीत घातलेला असेल तर नवा पत्ता त्यांना आठवडाभर आधी कळवावा. दुसरे म्हणजे, फायरवॉलचा एखादा नियम चुकून सर्व्हरच्या आतच बंद झाला तर बॅस्टियनही तिथे पोहोचणार नाही. त्या प्रसंगासाठी सिरियल कन्सोल (पोर्टलवरून थेट मशीनशी बोलण्याची खिडकी) असतो, तो नेटवर्कवर अवलंबून नसतो. पण त्यासाठी बूट डायग्नॉस्टिक्स (मशीन सुरू होतानाच्या नोंदी ठेवण्याची सोय) आधीपासून सुरू असावे लागते आणि लिनक्सवर केवळ एसएसएचची किल्ली नव्हे तर पासवर्ड असलेले निदान एक खाते असावे लागते. ते खाते तयार करून त्याचा पासवर्ड 'की व्हॉल्ट' या क्लाउडवरच्या तिजोरीत ठेवला आणि सिरियल कन्सोलमधून एकदा लॉगिन करून पाहिले, की मग सार्वजनिक आयपी काढायला हरकत नाही.